बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो? उकळू नका, लिहून ठेवा

पावसाळा आला की आपल्या वस्त्यांत पाण्याबद्दल एकच सल्ला ऐकू येतो: पाणी उकळून प्या. कावीळ, हगवण, टायफॉइड यांच्या जंतूंसाठी हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण पाण्यात जंतूंऐवजी पेट्रोल किंवा डिझेल मिसळले असेल, तर हाच सल्ला उलटा पडतो. तुरटी फिरवून, मेडिक्लोरचे थेंब टाकून, कँडलच्या फिल्टरमधून गाळून किंवा उकळून ते पाणी पिण्याजोगे होत नाही. उकळल्याने तर पाण्यातले विष वाफेबरोबर घरात पसरते.

आपल्या बऱ्याच वस्त्या हमरस्त्याच्या कडेला, एसटी डेपोच्या मागे, गॅरेजच्या रांगेला किंवा कारखान्याच्या भिंतीला लागून आहेत. नळाचे पाणी पुरत नाही म्हणून गल्लीत, विहाराच्या आवारात किंवा समाजमंदिराजवळ बोअर घेतलेली असते. जवळ पेट्रोल पंप असेल तर त्याच्या टाक्याही त्याच जमिनीत असतात. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला हवी, विशेषतः पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांना. वास आधी त्यांच्याच नाकाला कळतो.

जमिनीखाली काय घडते?

पेट्रोल पंपावर आपल्याला वर फक्त मशीन दिसते. तेलाचा साठा खाली पुरलेल्या टाक्यांत असतो. एकेका टाकीत हजारो लिटर तेल मावते. टाकी बहुधा लोखंडी असते आणि ओल्या मातीत लोखंड गंजते. टाकीपासून मशीनपर्यंत जाणारे पाइप आणि त्यांचे जोड टाकीच्याही आधी ढिले पडू शकतात. टँकर खाली करताना टाकी जास्त भरली तरी तेल मातीत मुरते. बंद पडलेल्या पंपाच्या जुन्या टाक्या तशाच पुरून ठेवलेल्या असतील, तर त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नसते. कारखान्याच्या बॉयलरसाठी किंवा जनरेटरसाठी पुरलेल्या डिझेलच्या टाक्यांचेही असेच आहे.

गळती मोठी असावी लागत नाही. सेकंदाला एक थेंब धरला, तरी दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर तेल जमिनीत जाते. पंपाचा मॅनेजर रोज डिप रॉड टाकून साठा मोजतो, पण हजारो लिटरच्या उलाढालीत ४ लिटरची तूट उन्हाने उडाले, मापात फरक पडला, अशा हिशेबात सहज लपते. त्यामुळे पंपवाल्याच्या आधी शेजारच्या बोअरला गळतीचा पत्ता लागणे, यात नवल काहीच नाही.

‘आमच्या टाकीतून गळती होणे शक्यच नाही,’ असे उत्तर मिळाले तर एक गोष्ट सांगावी. अमेरिकेत अशा टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा करावा लागला. त्यानंतर तिथल्या सरकारने साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदवल्या आहेत. लोखंड इथलेही गंजते आणि तिथलेही.

आज वास येतो, उद्या येत नाही

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. मातीतून खाली उतरत ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते आणि पाण्यावर तरंगते. त्यातला काही भाग पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर पुढे सरकतो. डिझेल जड असते. ते हळू सरकते आणि मातीला चिकटून बराच काळ राहते.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वर माती आणि मुरूम, तर खाली काळा पाषाण आहे. या पाषाणात पाणी भेगांमधून वाहते. म्हणून पंपाला अगदी लागून असलेली बोअर स्वच्छ आणि चार गल्ल्या सोडून असलेली बोअर वासाची, असेही होऊ शकते. पावसात भूजल वर चढते, उन्हाळ्यात खाली जाते, तसा वासही कमीजास्त होतो. ‘मागच्या महिन्यात येत होता, आता येत नाही’ म्हणजे दुखणे गेले, असे समजू नये.

शरीरावर काय परिणाम होतो?

पेट्रोलमध्ये अनेक रसायने असतात. त्यातले सर्वांत घातक बेंझिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ते हाडांच्या मगजावर, म्हणजे रक्त जिथे तयार होते त्या जागेवरच, आघात करते. दीर्घकाळ शरीरात जात राहिले तर रक्त कमी होणे, रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटणे आणि काहींना रक्ताचा कर्करोग होणे, असे परिणाम होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेंझिन असायला मुभा आहे. तेवढे असेल तर १ लिटर पेट्रोलमधले बेंझिन सुमारे ८ लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. म्हणजे १० हजार लिटरचे ८० टँकर. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात काही तेल उडून जाते, काही मातीतले जंतू खाऊन टाकतात. तरीही थोड्या गळतीने किती पाणी नासते, याचा अंदाज यावरून येतो.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नुसते बेंझिन पाण्यात असेल तर ते मर्यादेच्या किमान ५० पट होईपर्यंत जिभेला कळत नाही. पेट्रोलचा वास येतो तो इतर घटकांमुळेही. म्हणून वास येत असेल तर पाणी पिऊ नये, आणि वास गेला तरी तपासणी झाल्याशिवाय पिऊ नये.

लगेच दिसणारी लक्षणे अशी: डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, घशाची आग, हातापायांची कातडी कोरडी पडून खाज येणे. ही लक्षणे दुसऱ्या कारणांनीही होतात. आपल्या घरांत बायकांच्या अंगात रक्त कमी असण्याचे नेहमीचे कारण लोहाची कमतरता हेच असते. त्यामुळे घाबरून जाऊ नये. पण अशा पाण्यावर काही महिने काढले असतील आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, वरचेवर ताप येत असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर सरकारी दवाखान्यात जाऊन सीबीसी ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना पाण्याबद्दल आपणहून सांगावे. आपण सांगितले नाही तर त्यांना कळायला मार्ग नाही. गरोदर बाया आणि लहान मुले यांची तपासणी आधी करावी.

उकळणे का वाईट?

बेंझिन आणि त्याच्यासारखी रसायने लवकर उडणारी असतात. पातेले चुलीवर किंवा गॅसवर ठेवले की ती वाफेबरोबर हवेत येतात. आपल्या घरात स्वयंपाक, झोपणे आणि मुलांचा अभ्यास बहुधा एकाच खोलीत होतो. पाण्यातले विष पोटात गेले नाही, तर श्वासातून छातीत जाते. बंद मोरीत या पाण्याने गरम अंघोळ केल्यावरही तेच होते. घरगुती आरओ मशीन पेट्रोलसाठी बनवलेले नसते, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, बाळाची दुपटी धुणे, या कशालाच हे पाणी वापरू नये.

पाण्यावरची तवंग कशाची?

साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तवंग दिसली की ते तेलच असते असे नाही. लोहयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जंतूंमुळेही तशी तवंग येते. ओळखण्याची सोपी खूण आहे. काडीने तवंग हलवावी. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळे राहिले तर ती बहुधा जंतूंची. फिरून एकत्र येऊन गोल गोल पसरली तर तेलाची शक्यता जास्त. ही फक्त पहिली खूण आहे, खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. पाणी पेटते का हे पाहण्यासाठी काडी ओढण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

आगीचा धोका आधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता गटारात, खड्ड्यात, बोअरच्या चेंबरमध्ये, खालच्या खोलीत साचते. एका ठिणगीने ती पेटते.

मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी हेच झाले. जमिनीखालच्या पाइपलाइनमधून पेट्रोल गटारांत शिरले होते. लोक आधीचे काही दिवस गटारातून वास येतो म्हणून सांगत होते. वेळेत वस्ती रिकामी केली गेली नाही. स्फोटांत रस्तेच्या रस्ते उडाले आणि २०० हून अधिक माणसे मेली.

म्हणून गटारातून, मोरीतून किंवा बोअरच्या खड्ड्यातून पेट्रोलचा उग्र वास आला तर:

१. गॅस, चूल, विडी-काडी, अगरबत्ती पेटवू नये. वास येतो तिथले विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, मोटार लावू नये.

२. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे. म्हातारीकोतारी आणि मुले आधी.

३. बाहेर येऊन अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करावा.

४. खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये डोकावायला कोणाला उतरवू नये.

पाण्याला वास आला तर पहिल्या दिवशी

बोअर बंद करून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘हे पाणी वापरू नये’ असे लिहावे. शेजारच्या गल्ल्यांत विचारावे, आणखी कोणाच्या पाण्याला वास येतो का. एक साधी वही घालावी. तीत तारीख, वेळ, कोणती बोअर, वास कसा, पाऊस होता की ऊन, कोणाला काय त्रास झाला, हे रोज लिहावे. वहीवर पाचदहा घरांच्या सह्या घ्याव्यात. पुढे अधिकारी येतील त्या दिवशी कदाचित वास नसेल. तेव्हा ही वहीच आपल्या बाजूने बोलेल. पिण्याच्या पाण्यासाठी नगरपालिका, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे टँकरची लेखी मागणी त्याच दिवशी करावी.

कोणती तपासणी मागायची?

इथे बऱ्याच वस्त्या फसतात. पाण्याचा नमुना जातो, आठ दिवसांनी ‘पिण्यास योग्य’ असा कागद येतो. कारण नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, क्लोरीन एवढेच पाहतात. बेंझिन त्यात नसते. म्हणून अर्जात नाव घेऊन मागावे: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन, म्हणजे ‘बीटेक्स’ तपासणी, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, म्हणजे ‘टीपीएच’, आणि खनिज तेल. पाण्याबरोबर मातीचेही नमुने घ्यायला सांगावे.

नमुना कसा घेतात यावर लक्ष ठेवावे. बाटली काचेची हवी, काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा नको, झाकण घट्ट, आणि नेताना बर्फाच्या डब्यात. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीत नमुना नेला तर बेंझिन वाटेतच उडते आणि अहवाल स्वच्छ येतो. नमुना घेताना वस्तीतली दोन माणसे हजर असावीत, पंचनामा व्हावा. एका स्वच्छ अहवालावर समाधान मानू नये. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा तपासणी मागावी.

तक्रार कोणाकडे?

मुख्य अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे. त्याच्या प्रती जिल्हाधिकारी, पालिकेचे आरोग्य अधिकारी, पंपावर जिचे नाव आहे त्या तेल कंपनीचे कार्यालय आणि पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, यांना. पेसो ही केंद्र सरकारची संस्था पेट्रोल साठवण्याचे परवाने देते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

“आम्ही … वस्तीचे रहिवासी आहोत. दिनांक … पासून आमच्या … येथील बोअरच्या पाण्याला पेट्रोल/डिझेलचा वास येत आहे. या बोअरपासून अंदाजे … मीटरवर जमिनीखालील इंधन टाक्या आहेत. आमची मागणी: (१) पाणी व मातीचे नमुने घेऊन बीटेक्स, टीपीएच व खनिज तेल यांची तपासणी करावी व अहवालाची प्रत आम्हाला द्यावी. (२) सर्व टाक्या व पाइप यांची गळती चाचणी करावी व निकाल येईपर्यंत संशयित टाकीचा वापर थांबवावा. (३) तोपर्यंत पिण्याच्या पाण्याची सोय करावी. (४) गळती आढळल्यास माती व भूजल साफ करण्याचा खर्च जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावा. सोबत नोंदवहीची प्रत व … कुटुंबांच्या सह्या जोडल्या आहेत.”

अर्जात अमक्याने विष कालवले असा आरोप करू नये. आपण पाहिले, हुंगले, सोसले तेवढेच लिहावे. कारण शोधणे हे अधिकाऱ्यांचे काम आहे.

टाक्या किती जुन्या, परवाना कधीचा, शेवटची गळती चाचणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. माहिती माणसाच्या जिवाशी संबंधित असेल तर ४८ तासांत देण्याची तरतूद आहे. अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

वस्तीशेजारी नवा पंप येत असेल तर आधीच जागे व्हावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, १० किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही. निवासी क्षेत्र म्हणजे स्थानिक कायद्याने तसे ठरवलेले क्षेत्र. म्हणून आपली वस्ती विकास आराखड्यात कशी दाखवली आहे, हे पालिकेत जाऊन पाहून घ्यावे.

खर्च कोणाचा?

घाण करणाऱ्यानेच भरपाई करायची, हे आपल्या देशात न्यायालयाने ठरवून दिले आहे. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांच्या रसायनांनी नासल्या होत्या. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये माती आणि पाणी सुधारण्याचा खर्च कारखानदारांवर टाकला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमही काढले. संशयित दूषित जागांची माहिती जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्थेने राज्य मंडळाला द्यायची आणि मंडळाने ती जागा तपासायची, अशी त्यात व्यवस्था आहे. आपला अर्ज या नियमांचा उल्लेख करून द्यावा.

चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये बोअरच्या पाण्याबरोबर तेल येऊ लागले. तेल कंपनीच्या जमिनीखालच्या पाइपलाइनची ती गळती होती. रहिवाशांनी विषय लावून धरला, प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि जमिनीतले तेल काढण्याचे काम कंपनीला करावे लागले. ते काम काही वर्षे चालले. एका अर्जात सगळे संपत नाही, हेही यावरून शिकावे.

आपल्यासाठी हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज ५ वर्षांच्या आत करता येतो, पण इतर वादांसाठी मुदत ६ महिन्यांचीच आहे. म्हणून पहिल्या दिवसाची नोंद महत्त्वाची. वकिलाच्या फीची काळजी करू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांना १९९० पासून केंद्रातही हा दर्जा आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे.

सफाई सुरू झाली तरी सावध

टाकी रिकामी करणे, खराब माती उचलणे, भूजलावरचे तेल उपसणे, मातीतली वाफ पंपाने ओढून घेणे, तेल खाणारे जंतू मातीत सोडणे, अशा पद्धतींनी सफाई होते. याला महिने, कधी वर्षे लागतात. वर मुरूम टाकून फरशी बसवली म्हणजे सफाई झाली नाही.

या काळात तीन गोष्टींची जोखीम आपल्याच माणसांवर येते.

पहिली, खोदलेली माती. ‘फुकट भर मिळते’ म्हणून ती घराच्या पायात, अंगणात किंवा मुलांच्या मैदानात घेऊ नये. ती कुठे टाकणार, हे लेखी विचारावे.

दुसरी, टाकी साफ करण्याची रोजंदारी. रिकाम्या टाकीतही वाफ भरलेली असते. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. हवेची तपासणी करून टाकी वायुमुक्त असल्याचे प्रमाणपत्र, बाहेर दोर धरून उभा माणूस आणि श्वासाचे साधन यांतले काहीही नसेल तर उतरायला साफ नकार द्यावा. दिवसाच्या हजेरीपेक्षा जीव मोठा आहे.

तिसरी, भंगारात आलेली जुनी टाकी. धुऊन, वायुमुक्त केल्याशिवाय तिला गॅस कटर लावला तर ती बॉम्बसारखी फुटते. भंगाराच्या धंद्यातल्या आपल्या भावांना हे आवर्जून सांगावे.

भिंतीवर लावण्यासाठी

- पेट्रोल-रॉकेलचा वास आला की ते पाणी बंद. उकळून, गाळूनही नाही.
- गटारातून वास आला की आग बंद, सगळे बाहेर, फोन १०१ किंवा ११२.
- वहीत रोज तारीखवार नोंद, सह्यांसह.
- तपासणी नाव घेऊन मागा: बीटेक्स, टीपीएच, खनिज तेल. बाटली काचेची, काठोकाठ.
- प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.
- वास गेला तरी अहवाल येईपर्यंत बोअर बंदच.